आंबट वाइनच्या गावी

दुबईजवळच्या रास अल खैमाहून वाइन प्यायला स्पेनला जाणार, असं सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग माझ्या पगाराचा अंदाज बांधायचे. हसणं साहजिक होतं. मी मूळचा ठाण्याचा, टाइल्सच्या कारखान्यात भट्टीखात्याचा इंजिनिअर. वाइन प्यायलो होतो ती कंपनीच्या पार्ट्यांमधून, तीही सरबत समजून. माझ्यासारख्या माणसाने वाइनसाठी समुद्र ओलांडावा हे मलाही विनोदीच वाटायचं. पण ही सहल मुळात माझी नव्हतीच. ती वसुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, आखली होती.

रास अल खैमा

आमच्या कारखान्यात नवी भट्टी आली तेव्हा ती बसवायला स्पेनहून एक तंत्रज्ञ आला. त्याचं नाव इन्याकी. उंच, तांबूस आणि कमालीचा शांत माणूस. भट्टीचा पट्टा अडकून आम्ही सगळे आरडाओरडा करत असू, तेव्हा हा खिशात हात घालून उभा. स्वतःला तो स्पॅनिश म्हणत नसे, बास्क म्हणायचा. स्पेनच्या उत्तरेला, समुद्राकाठी त्याचं गाव. हॉटेलचं खाऊन तो कंटाळला होता, म्हणून एका शुक्रवारी मी त्याला घरी जेवायला आणलं.

वसुधा रेवदंड्याची. पाहुणा मासे खातो म्हटल्यावर तिला चेवच चढला. सुरमईचं कालवण, तळलेली मांदेली, सोलकढी आणि वर पुरणपोळ्या. दुसऱ्या पोळीनंतर इन्याकी "नो, थँक यू" म्हणाला आणि तिने तिसरी वाढली. तो पुन्हा "नो" म्हणाला, तिने तुपाची धार धरली. पाहुणा नको म्हणाला की लगेच थांबणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं. बिचारा खात राहिला. शेवटी तो सोफ्यावर आडवा झाला तेव्हा आमच्या लेकीला, मैत्रेयीला, त्याची दया आली.

"अंकल, यू हॅव टू कव्हर द प्लेट विथ बोथ हँड्स," ती म्हणाली. "अदरवाइज शी वोन्ट स्टॉप."

इन्याकी पोट धरून हसला. मग म्हणाला, "माझ्या आईच्या घरी उलटं आहे. तिथे नको म्हणजे नको. एकदा म्हणालात, की ती बाटली उचलून आत नेऊन ठेवते."

"अगंबाई! दुसऱ्यांदा विचारत नाही?" वसुधाने मला मराठीत विचारलं. मी भाषांतर केलं.

"कशाला विचारायचं? माणसाने उत्तर दिलंय ना."

वसुधाला हे काही पटलं नाही. पण त्या बाटलीत काय असतं ते तिने विचारून घेतलं. इन्याकीच्या आईचा द्राक्षांचा मळा होता, अगदी समुद्रावरच्या उतारावर. त्या द्राक्षांची पांढरी, हलकी, आंबट वाइन करतात, तिला म्हणतात चाकोली. ती ग्लासात वरून, हात डोक्याच्याही वर नेऊन ओततात. ही ओतण्याची गोष्ट तिला भलतीच आवडली. तिने ताकाचा तांब्या उंच धरून लगेच करून पाहिलं आणि गालिचा धुवायला टाकावा लागला.

इन्याकी परत गेला, पण जाताना आईच्या वतीने आमंत्रण देऊन गेला. तेव्हापासून आमच्या फ्रिजवर बास्क किनाऱ्याचा नकाशा लागला. मैत्रेयी इंटरनेट जोडून द्यायची. फोनच्या लाइनवर ते जोडलं जाताना जी काही घरघर व्हायची, तेवढ्यात वसुधाचा अर्धा स्वयंपाक व्हायचा. कुठल्या गावात अँकोव्ही नावाची मासळी चांगली, कुठे सफरचंदाची दारू पिंपातून थेट ग्लासात घेतात, कुठे कोळशावर अख्खा मासा भाजतात, सगळं तिला पाठ. तिचं नाक म्हणजे काय सांगावं! शेजारच्या फ्लॅटमधली फोडणी करपायच्या आधी हिला कळायचं. अशा नाकाला वाइनच्या गावी न्यायचं म्हणजे वाया काही जाणार नाही, अशी माझी खात्री होती.

मग हिवाळ्यात तिला ताप आला. साधा सर्दीचा ताप, चारचौघांना येतो तसा. ताप उतरला आणि वास गेला. आठवडे गेले, महिने गेले, वास परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, नाकाची नस दुखावली आहे. परत येईल किंवा येणार नाही. "जीभ शाबूत आहे. आंबट, खारट, गोड, तिखट कळेल. पण आपण ज्याला चव म्हणतो ना, ती बरीचशी वासाची असते."

घरात दूध करपून गेलं तरी तिला पत्ता लागेना. गॅसची भीती बसली. स्वयंपाक ती करायची, पण कपाने मोजून. चाखणं तिने सोडूनच दिलं. "पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतं हो," एकदाच म्हणाली आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

आणि ती नको म्हणायला लागली. तशी ती लग्नापासूनच नको म्हणते. आमच्याकडे बायका पहिल्यांदा नकोच म्हणतात. त्यातला पहिला नको कुठला आणि खरा कुठला, हे ओळखायला मी इतक्या वर्षांत शिकलो होतो. आता मात्र सगळे नको सारखेच ऐकू यायचे. भात? नको. आमटी? नको. आग्रह केला की ती माझ्याकडे पाहून दोन घास जास्त खायची, तेही माझ्यासाठी. तिचे ब्लाउज सैल झाले. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. मला वाइनशी काही देणंघेणं उरलं नव्हतं. माझी बायको पुन्हा आवडीने जेवावी, एवढंच मला हवं होतं, आणि ते कसं घडवायचं ते मला कळत नव्हतं.

"सहल रद्द करू या का?" मी विचारलं.

"रद्द कशाला? तुम्ही प्या. मी समुद्र बघीन."

मैत्रेयीला ते सहन होईना. "बाबा, शी कान्ट इव्हन स्मेल इट! इट्स सो मीन."

"मराठीत बोल," वसुधा म्हणाली. "आणि मी इन्याकीच्या आईला येते म्हणून कळवलंय. जायचं म्हणजे जायचं."

इथे माझ्या तयारीबद्दल सांगायला हवं, कारण तयारी हा माझा आजारच आहे. मी दुबईहून वाइनवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं, ग्लास गोल फिरवावा, नाक आत घालावं, डोळे मिटावेत आणि फळाफुलांचे वास ओळखावेत. हे वसुधासमोर करायची मला लाज वाटायची. म्हणून मी ग्लास घेऊन बाल्कनीत जायचो आणि दार लावून घ्यायचो. समोरच्या इमारतीतला पठाण वॉचमन मला रोज डोळे मिटून ग्लास हुंगताना बघायचा. तो शेवटी सलाम करेनासा झाला.

अबू धाबी

त्या काळी आमचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असायचे. ते सोडवायचे म्हणजे व्हिसा-पासपोर्टचं बघणाऱ्या आमच्या पीआरओला, कुट्टीला, गाठायचं. कुट्टी केरळचा, गल्फमध्ये मुरलेला. त्याने माझा रजेचा अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"सर, वाइन के लिए इतना दूर? बाजू के उम्म अल कुवैन में मिलता है ना! गाडी निकालो, यल्ला, एक घंटे में वापस."

"वो वाली नहीं, कुट्टी."

"सब सेम है सर. अगले दिन सर दुखता है, खलास." पण पासपोर्ट त्याने दिले, आणि मॅनेजरची सही आणून पत्रही दिलं.

व्हिसासाठी अबू धाबीला, स्पेनच्या वकिलातीत जायचं होतं. पहाटे निघालो. वाटेत वसुधाने डब्यातून थालीपीठ काढून मला भरवलं, स्वतः चहा घेतला. तिला घे म्हटलं तर नको म्हणाली. गाडी चालवताना वाद घालायचा नाही असा आमचा नियम आहे, म्हणून उरलेलं थालीपीठही मीच संपवलं.

खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद चाळले. प्रवासाचा हेतू या रकान्यात मी प्रामाणिकपणे वाइन चाखणे असं लिहिलं होतं. त्यांनी आधी माझ्याकडे, मग वसुधाच्या कुंकवाकडे आणि नऊवारी नसली तरी चापूनचोपून नेसलेल्या साडीकडे पाहिलं.

"मॅडम, तुम्हाला कुठली वाइन आवडते?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी पुस्तकातली नावं आठवायला लागलो. तेवढ्यात वसुधाने आपल्या इंग्रजीत सांगून टाकलं, "आय डोन्ट नो. माय नोज इज नॉट वर्किंग. बट हिज फ्रेंड्स मदर कॉल्ड मी."

बाईंनी इन्याकीच्या आईचं आमंत्रण पुन्हा पाहिलं. बास्क पत्ता पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. पासपोर्ट ठेवून घेतले आणि "एन्जॉय द फिश," म्हणाल्या. परतीच्या वाटेवर मी वसुधाला म्हटलं, असं कुणी नाक चालत नाही म्हणून सांगतं का! ती म्हणाली, "विचारलं तर सांगायला नको?" पासपोर्ट देताना कुट्टीने 'इन्शाल्ला' म्हटलं होतं, तसा व्हिसा आला.

सान सेबास्तियान

मैत्रेयीला सुट्टीसाठी पुण्याला मावशीकडे धाडलं आणि आम्ही निघालो. विमानं, बस आणि त्यात सुजलेले माझे पाय, हे वगळतो.

जुलै महिना. रास अल खैमात दाराची कडी धरवत नव्हती, आणि इथे झिरमिर पाऊस. त्याला तिथले लोक सिरिमिरी म्हणतात. भिजल्याचं कळत नाही, पण सदरा ओला होतो. सगळे छत्र्या उघडून चालले होते. आम्ही दोघंच मधे उघड्यावर उभे, तोंड वर करून. एका म्हाताऱ्याने आपली छत्री आमच्यावर धरली. आम्ही वाळवंटातून आलोय हे त्याला कसं सांगावं ते समजेना, म्हणून त्याच्या छत्रीखालून मुकाट्याने हॉटेलपर्यंत गेलो.

संध्याकाळी जुन्या गावातल्या गल्ल्यांमध्ये गेलो. तिथे जेवायला एका जागी बसत नाहीत. एका बारमध्ये उभ्याने एक घास, एक छोटा ग्लास, की पुढचा बार. फळीवर पावाच्या चकत्यांवर काय काय रचून ठेवलेलं, आपण आपलं उचलायचं आणि शेवटी किती खाल्लं ते आपणच सांगायचं. कागदी रुमाल खुशाल जमिनीवर टाकतात. ज्या बारमध्ये जमिनीवर कचरा जास्त तो चांगला, असं इन्याकीने फोनवर सांगून ठेवलं होतं. वसुधाला ते पाहवेना. तिने आपला रुमाल घडी घालून पर्समध्ये ठेवला.

एका बारमध्ये मालकाने तिच्यापुढे खेकड्याची बशी केली. ती सवयीने "नो नो" म्हणाली. त्याने मान डोलावली आणि बशी शेजारच्या बाईला दिली. वसुधा बघत राहिली.

"काय माणसं आहेत," ती म्हणाली. "एकदा तरी परत विचारावं."

"तुला हवं होतं का?"

"हवं कशाला? पण विचारावं."

मी मात्र त्या दिवशी माझी विद्या दाखवली. चाकोलीचा ग्लास हातात आला तसा मी तो गरगर फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. डोळे उघडले तर मालक कपाळाला हात लावून उभा. त्याने माझा ग्लास काढून घेतला, त्यातली वाइन ओतून टाकली, बाटली डोक्यावर नेऊन नवी ओतली आणि खुणेने सांगितलं, हुंगू नकोस, पी. थांबशील तर हिचे बुडबुडे मरतात. बाल्कनीतली सगळी मेहनत पाण्यात गेली. वसुधा मनापासून हसली. कित्येक महिन्यांनी हसली, म्हणून मला माझ्या फजितीचं काही वाटलं नाही.

रात्रीच्या जेवणाला ती पावाचा तुकडा खाऊन उठली.

गेतारिया

दुसऱ्या दिवशी इन्याकी न्यायला आला. रस्ता समुद्राला चिकटून जातो, एका अंगाला लाटा आणि दुसऱ्या अंगाला हिरवे उतार. गेतारिया हे छोटं बंदर, होड्यांना लाल-निळे रंग दिलेले, बाहेर लोखंडी जाळ्यांवर मासे भाजणं चाललेलं. गावाच्या वर द्राक्षमळे. नाशिककडे असतात तसे वेल मांडवावर चढवलेले, फक्त मांडवाखालून समुद्र दिसतो. वसुधा गाडीतून उतरली आणि म्हणाली, "आमच्या वाडीतून दिसायचा तसा दिसतो हो." रेवदंड्याच्या त्या वाडीत ती लहानाची मोठी झाली.

इन्याकीची आई, मिरेन, दारात उभी होती. ठेंगणी, जाड चष्म्याची, हात कामाने रापलेले. मी पायांना हात लावायला वाकलो तर ती घाबरून मागे सरली. इन्याकीने समजावल्यावर तिने माझी पाठ थोपटली आणि वसुधाच्या दोन्ही गालांचा मुका घेतला. वसुधाने तिला पैठणीच्या कापडाची पिशवी दिली. मिरेनने ती लगेच खांद्याला अडकवली आणि दिवसभर काढली नाही.

मांडवाखाली लांब लाकडी टेबल मांडलं होतं. आधी आल्या काडीला टोचलेल्या तीन गोष्टी: एक ऑलिव्ह, खारवलेली अँकोव्ही आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेली हिरवी मिरची. अँकोव्ही म्हणजे आपल्या मांदेलीची चुलत बहीण समजा. ही काडी एका घासात खायची. मिरेनने बाटली उंच धरली आणि न बघता रुंद ग्लासात धार सोडली. दोन बोटं वाइन, त्याहून जास्त नाही. आमच्याकडे एवढीशी ओतली तर पाहुणा घरी जाऊन बोलेल.

वसुधाने काडी तोंडात घातली ती केवळ यजमानिणीच्या मानासाठी. मी तिच्याकडे बघत नाही असं दाखवत बघत होतो. ती चावली. थांबली. मग तिने ग्लास उचलला आणि एक घोट घेतला. तिच्या भुवया वर गेल्या. तिने तोंड मिटूनच जीभ फिरवली, जशी पूर्वी कालवणाचा थेंब तळहातावर घेऊन फिरवायची. उरलेली वाइन संपवली.

मिरेनने बाटली उचलून डोळ्यांनी विचारलं, अजून?

"नो, नो," वसुधाने ग्लासावर हात ठेवला.

मी आग्रह करायला तोंड उघडलं. इन्याकीने टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मिरेनने मान हलवली, आम्हा दोघांना ओतली, बाटलीला बूच लावलं आणि ती घेऊन स्वयंपाकघराकडे चालायला लागली. तिच्या मनात काही नव्हतं. पाहुणीने उत्तर दिलं होतं आणि तिने ते मानलं होतं.

वसुधाने माझ्याकडे पाहिलं. आता नवरा म्हणेल, अगं घे ना, मग मी नको नको म्हणत घेईन, हे सगळं त्या नजरेत होतं. माझ्या गुडघ्यावर इन्याकीचा हात तसाच होता. मी समुद्राकडे पाहिलं. एवढा वेळ गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

बाटली दारापाशी पोचली. आणि माझ्या बायकोने खुर्ची मागे सारली.

"अहो, थांबा!" ती मराठीतच ओरडली. "हवंय मला!"

मिरेन वळली. वसुधा ग्लास घेऊन तिच्यापाशी पोचलीही होती. तिने ग्लास पुढे धरला, लहान मूल धरतं तसा, दोन्ही हातांनी. मिरेनला मराठीचं अक्षर येत नव्हतं, पण तिने काही विचारलं नाही. बूच काढलं आणि हात वर नेला.

वसुधा तिथेच उभ्याने प्यायली. मग मला म्हणाली, "आंबट आहे हो. आंबट कळतंय मला. जिभेला बुडबुडे टोचतात तेही कळतं. आणि ती मिरची, तो खारट मासा. सगळं कळतंय." तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, आणि मी ते पुसले नाहीत. इन्याकी आईला त्यांच्या भाषेत सांगत होता, बहुधा नाकाबद्दल. मिरेनने ऐकून घेतलं आणि त्या काड्यांची सबंध बशी उचलून वसुधापुढे ठेवली.

वसुधाने ती बशी रिकामी केली. मग परातीएवढा चपटा मासा आला, आपला लेप असतो ना त्याचा थोरला भाऊ, कोळशावर भाजून वर व्हिनेगर शिंपडलेलं. त्याचा वास कसा होता ते मी तिला सांगत होतो. "असू दे," ती म्हणाली, "मला व्हिनेगर पुरे आहे." मिरेन विचारायची आणि ती सांगायची. हवं असेल तर हवंय, नको असेल तर नको. शेवटी गोड आलं, त्याला ती नको म्हणाली. मिरेनने ते माझ्यापुढे सरकवलं.

आणखी चार गावं आम्ही पाहिली. पिंपातून उडणारी सफरचंदाची दारू ग्लासात झेलताना माझा सदरा भिजला, वसुधाच्या ग्लासाबाहेर थेंब पडला नाही. पण मला विचाराल तर आमची सहल त्या मांडवाखालीच झाली.

पुन्हा रास अल खैमा

वास काही परत आला नाही. कधीतरी क्षणभर काहीतरी जळाल्यासारखं वाटतं असं ती म्हणते, डॉक्टर म्हणतात वाट पाहा. पण घरात कोकम, चिंच, कैरी, लिंबू आणि ताक यांचं राज्य आलं. व्हिनेगरमध्ये मिरच्या मुरायला लागल्या. मैत्रेयी पुण्याहून आली तेव्हा पहिल्याच जेवणाला डोळ्यांतून पाणी काढत म्हणाली, "आई, धिस इज सो सावर!" आणि दुसऱ्यांदा वाढून घेतलं. बांगड्या मनगटापाशी परत आल्या.

आमच्याकडे जेवायला येणारे लोक हल्ली जरा बिचकून असतात. पहिल्यांदा नको म्हटलं की वसुधा पातेल्यावर झाकण ठेवते आणि आत घेऊन जाते. परवा कुट्टी आला होता. सोलकढीला नको म्हणाला आणि रिकामी वाटी घेऊन बसून राहिला. मला कानात म्हणाला, "सर, मैडम को क्या हुआ?"

आमच्या घरात आता नको म्हणजे नको असतं. मी आग्रह करायचा सोडला आहे. आणि ताटावरून वर बघत ती "हवंय" म्हणाली, की मी स्वतःचा घास ठेवून उठतो.